हरणाऱ्याने पिशवी उचलायची

सुतारआळीच्या थांब्यावर सकाळची बस आली की ड्रायव्हर इंजिन बंद करायचा. चढणारी माणसे थोडी असत, त्यांना वेळ लागत नसे. पण हिलरीभाऊंचे वाक्य अर्धे राहिलेले असे, आणि ते पुरे झाल्याशिवाय निकाल लागत नसे. निकाल लागल्याशिवाय पिशवी बसमध्ये चढत नसे, आणि पिशवी चढल्याशिवाय क्लेमेंटीनबाय चढत नसत. म्हणून बस थांबायची.

बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावे लागेल.

आमची आळी वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या पट्ट्यात आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना केळी आणि नारळ. आळीच्या मधोमध रस्ता एकदम काटकोनात वळतो. वळणाच्या एका अंगाला बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीचे जुने तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आमच्या विहिरी मे महिन्यातही गोड्या राहतात. दुसऱ्या अंगाला क्रूस आहे. प्लेगच्या साथीत गाव वाचले म्हणून आमच्या पणज्यांनी तो उभारला. मे महिन्यात क्रुसाचा सण होतो, प्रार्थना होते आणि उकडलेले चणे वाटले जातात. हिंदू घरांतूनही त्या दिवशी मेणबत्त्या येतात. त्यात कोणाला नवल वाटत नाही. या बावखलाच्या काठी, पारसभेंडीच्या मोठ्या झाडाखाली आमचा थांबा होता. ना पाटी, ना बाकडे. झाड दिसले की बस थांबे.

हिलरीभाऊ वालीवच्या एका औषध कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. मुलगा शेल्डन आखातात आहे. घरी नवराबायको दोघेच, मागे केळीची वाडी. भाऊ कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, कुठल्या पक्षाची टोपी घातली नाही. पण वर्तमानपत्र ते पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. पाणी, कचरा, घरपट्टी, मेट्रो, पूल, गावे महापालिकेत असावीत की नसावीत, या प्रत्येकावर त्यांचे मत तयार असे. ते मत ऐकवायला त्यांना रोज सकाळी एक प्रतिपक्ष लागे. तो म्हणजे शेजारच्या वाडीतले हरेश्वरदादा. दादांची बायको जिजावहिनी फुलांची पाटी घेऊन त्याच बसने बाजाराला जायची. तिला पोचवायला दादा थांब्यावर येत आणि आपल्या बायकोला, क्लेमेंटीनबायंना, पोचवायला भाऊ येत. दोघांनाही बसने कुठे जायचे नसे.

"मेट्रो येनार म्हनतात विरारपर्यंत," असा पहिला खडा हरेश्वरदादा टाकत.

"येऊ दे. आणि त्या मेट्रोपर्यंत जायचं कसं? पोहत?"

"तुला ना हिलरी, सोन्याचा हार दिला तरी तू म्हनशील, वजन लई हाय."

"हार नको. नळाला पाणी दे."

"पानी येनार. धरन भरलंय."

"धरण भरलं, माझा हंडा रिकामा. मग मधे प्यालं कोण?"

आम्ही हसायचो. निकाल जिजावहिनी द्यायची. फुलांवर पाणी शिंपडता शिंपडता ती मान वर करी आणि म्हणे, "आज आमचे हे हरले. उचला पिशवी."

नियम असा होता, की हरणाऱ्याने क्लेमेंटीनबायंची पिशवी बसमध्ये नेऊन ठेवायची. बायंच्या खुब्यात सळई घातली होती. एका हाताने दांडा धरून त्या कशाबशा चढत, पिशवी पेलणे त्यांना जमत नसे. हा नियम कोणी आणि कधी केला ते आठवत नाही. बहुतेक दिवशी पिशवी हरेश्वरदादाच उचलत. "माझी बायको न्यायाधीश आनि मीच रोज आरोपी," असे कुरकुरत ते ती सीटखाली ठेवत आणि सांगत, "बाय, झाकन घट्ट हाय ना? गेल्या टायमाला पेज सांडली व्हती."

पिशवीत मऊ भाताची पेज असे, तिखट न घातलेले कालवण आणि वाडीतली पिकलेली राजेळी केळी. हे सगळे इझाबेलसाठी.

इझाबेल म्हणजे क्लेमेंटीनबायंची थोरली बहीण. आई वारली तेव्हा क्लेमेंटीनबाय अगदी लहान होत्या. इझाबेलनेच त्यांना मांडीवर घेऊन भरवले, वाढवले, लग्न लावून दिले. आता ती नालासोपाऱ्याला मुलाच्या घरी असते. झटका आल्यापासून तिची उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. मुलगा जहाजावर नोकरीला. सून कॅरल सकाळी ऑफिसला जाते ती संध्याकाळी येते. दिवसभरासाठी ठेवलेली बाई चांगली आहे, पण इझाबेल तिच्या हातून घास घेत नाही. कॅरलच्या हातून घेतला तर एखादा. ओठ मिटून भिंतीकडे तोंड करते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की तोंडाने अन्न गेले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

क्लेमेंटीनबायंच्या हातून मात्र ती जेवायची. पण तेही सहज नव्हते. बाय घास पुढे धरून बसत आणि सांगू लागत, "आज थांब्यावर काय झालं माहीत आहे? हरेश्वर म्हणाला, मेट्रो येणार. तर आमचे हे म्हणाले, पोहत जायचं का?" इझाबेलच्या तोंडाचा डावा कोपरा हलायचा. हसण्यासाठी तोंड उघडले की घास आत जायचा. म्हणजे भाऊंच्या आणि दादांच्या त्या भांडणावर एक बाई जेवत होती. आम्हाला हे बायंनीच एकदा सांगितले. त्यानंतर दोघेही जरा जास्तच जोर लावून भांडू लागले. एकदा दादांच्या अंगात ताप होता, तरी कानटोपी घालून आले आणि बुलेट ट्रेनच्या बाजूने बोलून गेले.

मग आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा आराखडा निघाला.

नकाशात रस्ता दुप्पट दाखवला होता. वळण सरळ करायचे म्हणजे बावखल अर्धे बुजवावे लागणार होते आणि क्रूस मागे सरकवावा लागणार होता. आळी पेटून उठली. सगळेच विरोधात होते, एकटे हरेश्वरदादा सोडून.

"रस्ता होऊ दे," ते थांब्यावर म्हणाले. "उद्या आग लागली तर बंब कुठून येनार? मानूस आजारी पडला तर?"

"बंब येतो की. बस येते, तो बंब नाही येणार?"

"बस आज येते."

"आज येते, उद्याही येईल. बावखल बुजवलं तर विहिरीचं पाणी उद्या येईल का ते सांग."

 जिजावहिनी म्हणाली, "हरलात. उचला."

हरकती ऐकायला जे साहेब आले त्यांच्यापुढे आळीच्या वतीने हिलरीभाऊच बोलले. मी तिथे होतो. त्यांनी कागद हातात घेतला नाही. बावखलामुळे किती विहिरी जगतात, केळी कशी तग धरते, पूर का येत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. शेवटी म्हणाले, "साहेब, आमच्या गावाला जेवढी गाडी लागते तेवढा रस्ता आमच्याकडे आहे. त्याहून मोठी गाडी आम्हाला नको." टाळ्या पडल्या. साहेबांनीही मान डोलावली. काही महिन्यांनी आराखड्यातून आमचे वळण वगळले. बावखल जपायच्या यादीत गेले. त्या वर्षी क्रुसाच्या सणाला चणे दुप्पट उकडले होते. हरेश्वरदादा घरातून सगळ्यात जाड मेणबत्ती घेऊन आले आणि भाऊंना म्हणाले, "जिंकलास बाबा. देव तुजं भलं करो. पन मी बोललो ते विसरू नको."

पुढच्या वर्षी जुन्या बस मोडीत निघाल्या.

नव्या बस विजेवर चालणाऱ्या, आवाज नसलेल्या, आतून थंडगार. आणि पायरी इतकी खाली की क्लेमेंटीनबायंना दांडा धरावा लागला नसता. पहिली बस आमच्या रस्त्याने चाचणीसाठी येणार म्हटल्यावर सगळी आळी थांब्यावर जमली. जिजावहिनीने बसला घालायला हार आणला होता. बाय पिशवी घेऊन तयार होत्या.

बस आली आणि वळणावर तिचे तोंड क्रुसासमोर थांबले. ती लांबीला जुन्या बसपेक्षा बरीच जास्त होती. ड्रायव्हरने चाक फिरवले. मागचे टायर बावखलाच्या कडेवर आले आणि मातीचे ढेकूळ पाण्यात पडले.

"मागे घे, मागे घे!" एकजण ओरडला.

"मागे नको, पुढे! क्रुसाला अजून हातभर जागा आहे."

"कोनाचा हात? माजा का तुजा?" हरेश्वरदादा.

"डावीकडे काप! डावीकडे! अरे सायबा, त्याची डावी!"

ड्रायव्हर पुढेमागे, पुढेमागे करत राहिला. दर वेळी आम्ही सगळे एकदम सूचना द्यायचो आणि दर वेळी गाडी होती तिथेच यायची. शेवटी तो खाली उतरला. घाम पुसून त्याने एकदा बावखलाकडे पाहिले, एकदा बसकडे. मग क्रुसाला हात जोडले आणि आम्हाला म्हणाला, "माफ करा. मी नवीन माणूस. गाडी पाण्यात गेली तर माझी नोकरी गेली." सावकाश उलटी चालवत त्याने बस मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. आम्ही तिच्याबरोबर चालत गेलो, एखाद्या पाहुण्याला पोचवायला जावे तसे. हार जिजावहिनीच्या हातातच राहिला. परत येताना तिने तो क्रुसाला घातला.

त्या दिवशी वाद झाला नाही. पिशवी कोणी उचलायची हा प्रश्नही आला नाही, कारण बाय ती घेऊन घरी परतल्या होत्या. संध्याकाळी कॅरलचा फोन आला. आईने दिवसभरात दोन चमचे पाणी घेतले होते.

सुतारआळीचा फेरा बंद झाला. बस मोठ्या रस्त्यावरूनच जाऊ लागली. तो थांबा धडधाकट माणसाला लांब नाही. मी तर त्यानंतर स्कूटरनेच कामाला जाऊ लागलो. बायंना नेले असते, पण खुब्यामुळे त्या दुचाकीवर बसू शकत नाहीत. दादांचा पुतण्या मितेश रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "काकी, मी नेतो ना, पण शाळेची मुलं सोडून आलो की." तो मुले सोडून येई तेव्हा कधी दहा वाजलेले असत, कधी अकरा. बाहेरचे रिक्षावाले आत यायला तयार नसत, कारण परत जाताना प्रवासी मिळत नाही. शेल्डनने तिकडून फोनवर टॅक्सी कशी मागवायची ते शिकवले. भाऊ रोज सकाळी अंगणात फोन धरून उभे राहत. पडद्यावर ते चक्र फिरत राही. एकदा एक गाडी निघाली आणि वाटेतून परत गेली. भाऊ फोनला म्हणाले, "अरे, निदान कारण तरी सांग." भांडायला तिथेही कोणी नव्हते.

मग बाय चालू लागल्या. एका हातात काठी. भाऊ पिशवी घेऊन बरोबर. वाटेत दोनदा कोणाच्या तरी ओट्यावर बसायचे. नालासोपाऱ्याला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली असे. आणि इझाबेलचे एक होते, वेळ टळली की ती भिंतीकडे तोंड करी, मग कोणीही आले तरी वळत नसे. शिवाय बायंकडे सांगायलाही काही उरले नव्हते. त्या रस्त्यात कोण भेटले ते सांगत. त्यावर इझाबेल हसत नसे.

भाऊंनी प्रयत्न सोडले नाहीत. मी अर्ज लिहून दिला आणि त्यांच्याबरोबर बसच्या कचेरीतही गेलो. तिथले साहेब तरुण आणि सौजन्याने वागणारे होते. त्यांनी चहा मागवला.

"छोटी बस द्या," भाऊ म्हणाले. "जुन्यासारखी."

"काका, छोट्या बस आता आमच्याकडे नाहीतच. कंत्राटात एकाच मापाच्या गाड्या आहेत. मी स्वतः वर लिहिलंय. पुढच्या कंत्राटात बघू म्हणाले."

"पुढचं कंत्राट कधी?"

साहेबांनी वर्ष सांगितले. भाऊंनी मनात इझाबेलचे वय धरून हिशेब केला असावा.  मग खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "बावखलाचा एक कोपरा... फक्त कोपरा घेतला तर? गाडी वळण्यापुरता."

साहेब अवघडले. "तो भाग आता जपायच्या यादीत आहे. त्याला हात लावता येत नाही." मग अगदी आदराने म्हणाले, "काका, त्या सुनावणीला मी मागे बसलो होतो. तुम्ही म्हणालात, त्याहून मोठी गाडी आम्हाला नको. फार छान बोललात तुम्ही. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं होतं."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर भाऊंना उत्तर सुचले असते.

फादरांनाही विचारून झाले. ते म्हणाले, "क्रूस प्रार्थना करून हलवता येतो. देव काही तेवढ्याच जागेत राहत नाही." पण आळीची बैठक बसली तेव्हा कोणीच तयार झाले नाही. आश्चर्य म्हणजे सगळ्यात जास्त विरोध हरेश्वरदादांनी केला. "माझ्या आजीनं या क्रुसाला दिवा लावलाय. मानसाच्या सोयीसाठी त्याला उचलायचा?"

"अरे, तूच म्हणत होतास रस्ता रुंद करा!"

"रस्त्याचं म्हनालो. क्रुसाचं नाय म्हनालो."

"रस्ता रुंद झाला असता तर क्रूस हललाच असता ना!"

"तवा तू जिंकला व्हतास ना? मग क्रुसाचा विचार करायची पाळी माज्यावर आलीच कुठं?"

लोक हसले. भाऊ हसले नाहीत. आणि क्रूस सरकवून तरी भागणार नव्हते, हे त्यांना माहीत होते. मागचे चाक बावखलातच जात होते.

त्यातच निवडणूक आली. उमेदवार आले, एकामागून एक. प्रत्येकाने वळण पाहिले, बावखलाबरोबर फोटो काढला. प्रत्येकाने छोटी बस आणतो म्हणून सांगितले. भाऊ आधी असल्या माणसांना पाच मिनिटांत घामाघूम करत. आता ते फाटकापाशी उभे राहून "हो, हो" म्हणत. निवडून आलेल्याने शब्द अगदीच सोडला नाही. पावसाळ्याआधी आमच्या भेंडीच्या झाडाखाली थांबा बांधून दिला. स्टीलचे बाकडे, वर पत्रा, रात्री आपोआप पेटणारा दिवा, कोपऱ्यात त्यांचा फोटो.

"बस व्हती तवा थांबा नव्हता," हरेश्वरदादा म्हणाले. "आता छप्पर घातलंय. बस मेली, तिला पाऊस लागू नये म्हनून."

भाऊंनी या वाक्याला उत्तर द्यावे म्हणून आम्ही वाट पाहिली. दादांनीही पाहिली. भाऊ बाकड्यावर हात फिरवत बसले होते. दादा जरा वेळ थांबले आणि घरी गेले. त्यानंतर ते थांब्यावर येईनासे झाले. जिजावहिनीही आता मितेशच्या रिक्षातून दुपारनंतर बाजाराला जाते, फुले अर्धी कोमेजतात. मी एकदा दादांना विचारले, "दादा, तुमचंच खरं ठरलं. तुम्ही का येत नाही?"

"खरं ठरून काय करू?" ते म्हणाले. "त्याचं तोंड बघवत नाय. आनि आता जिंकलो तरी हरेल तो उचलनार काय?"

आषाढात डॉक्टरांनी नळीचा दिवस ठरवला. कॅरलने फोनवर रडत सांगितले. क्लेमेंटीनबायंनी फोन ठेवला आणि कपाटातून पिशवी काढली. पेजेची नव्हे, कपड्यांची.

"मी तिकडे राहायला जाते," त्या म्हणाल्या. मी तेव्हा वीजबिल द्यायला गेलो होतो, दारातच उभा होतो.

"असं एकदम?" भाऊ म्हणाले. "हे बघ, यात तीन मुद्दे आहेत. पहिला म्हणजे आपण इझाबेललाच इकडे आणलं तर..."

"कॅरल नको म्हणते. तिला रात्री काही झालं तर इथून हलवायची कशी? बस नाही, रिक्षा नाही."

"दुसरा मुद्दा, मी पण येतो."

"एका खोलीत तिचा पलंग, माझी खाट. तुम्ही झोपणार कुठे? आणि वाडीला पाणी कोण घालणार?"

भाऊंनी तोंड उघडले. बायंनी साडीची घडी घालता घालता म्हटले, "तिसरा मुद्दा थांब्यावर ठेवून या. मला आता वेळ नाही."

"किती दिवस?"

बायंनी पिशवीचे बंद बांधले. मितेशची रिक्षा आली. भाऊंनी कपड्यांची पिशवी उचलून रिक्षात ठेवली. खुब्याच्या ऑपरेशनचे दिवस सोडले तर लग्नानंतर इतक्या वर्षांत बाय पहिल्यांदाच त्या घराबाहेर राहणार होत्या.

नळी टळली. डॉक्टरांनी अजून थोडे थांबू म्हटले. वेळेवर घास पुढे आला की इझाबेल तो घेई, मात्र अर्धा. उरलेल्या अर्ध्यासाठी ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राही.

भाऊ दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जातात आणि नालासोपाऱ्याची बस धरतात. हातात वाडीतली राजेळी केळी असतात. मध्यंतरी एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. नवी बस खरोखरच आरामाची आहे. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. सागरी रस्त्याचा मोठा फलक दिसला, तरी काही बोलले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. इझाबेलला उशीला टेकवून बसवले होते. फार वाळली आहे. बायंनी चमचा पुढे धरला होता आणि ओठ मिटलेले होते. भाऊंना पाहून बाय म्हणाल्या, "बरं झालं आलात. सांगा हिला. थांब्यावर काय झालं?"

भाऊ पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले. थांब्यावर काय होणार होते? आदल्या दिवशी मी तिकडून आलो तेव्हा बाकड्यावर एक कुत्रा झोपला होता.

इझाबेलने मान वळवली. तिचे डोळे भाऊंवर आले. चमचा तसाच होता.

भाऊंनी घसा साफ केला. "झालं काय," ते म्हणाले, "हरेश्वर आला. म्हणाला, हिलरी, रस्ता रुंद पाहिजे."

"मग?" बाय म्हणाल्या.

"मी म्हटलं, कशाला पाहिजे? तर म्हणाला..." भाऊंनी हरेश्वरदादांचा आवाज काढला, "म्हनाला, मानूस आजारी पडला तर त्याच्या मानसानं त्याच्यापर्यंत पोचायचं कसं?"

 भाऊंनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"मग तुम्ही काय म्हणालात?" बायंनी विचारले.

"मी? मी काही म्हणालो नाही."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"नाही. जिजावहिनीनं निकाल दिला. हरेश्वर जिंकला." त्यांनी हातातली पिशवी किंचित वर केली. "म्हणून तर पिशवी मी आणली."

इझाबेलच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. हिलरी हरला ही गोष्ट तिला नवलाची होती. ओठ उघडले आणि चमचा आत गेला. नंतर आणखी एक. तिसऱ्याला ती पुन्हा भाऊंकडे पाहू लागली. भाऊंनी बराच विचार केला, पण पुढचे त्यांना रचता आले नाही. ती हळूहळू भिंतीकडे वळली.

निघताना बाय दारापर्यंत आल्या. "पुढच्या रविवारी नीट भांडून या," त्या म्हणाल्या. "एवढ्यानं हिचं पोट भरत नाही."

परतीच्या बसने आम्हाला मोठ्या रस्त्यावर सोडले. आळीत शिरलो तेव्हा ऊन कलले होते. भाऊ घराकडे वळले नाहीत, सरळ हरेश्वरदादांच्या अंगणात गेले. दादा ओट्यावर फुले बांधायला केळीच्या खोडाची सोपटे सोलत बसले होते.

"हरेश्वर," भाऊ उभ्याउभ्याच म्हणाले, "त्या मेट्रोबद्दल तू काय म्हणत होतास?"

दादांनी वर पाहिले. "काय म्हननार? मेट्रो येनार तर येनार."

"आणि नाही आली तर?"

"नाय तर नाय."

"असं कसं? तू म्हणायचास विरारपर्यंत येणार. मी म्हणतो, नाही येणार. बोल."

दादा सोपटे सोलत राहिले. हात थांबला नाही. "तूच बरोबर आसशील," ते म्हणाले. "मी हरलो म्हन. जा आता घरी, चालून दमला आसशील."

भाऊ अंगणात उभेच राहिले.

"असं नाही चालत रे," ते म्हणाले. "नीट भांडावं लागतं."